थायरॉइडच्या चाचण्या नॉर्मल, डोळे मात्र पुढे आलेले: आयजीजी-४ चा विचार कधी करायचा?

नेत्रवैद्य_नाशिकरोड

पेशंट पुरुष, वय ५४, वजन ६६ किलो, निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. आठ महिन्यांपासून दोन्ही वरच्या पापण्या सुजलेल्या, उजवी जास्त. गोडी छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या दिवसांत सुरू झालं, म्हणून औषधाची ॲलर्जी समजून चार महिने ॲलर्जीचे थेंब चालले. दुखत नाही, लाली नाही.

हर्टेलवर (डोळा किती पुढे आलाय ते मिमीत मोजणारं साधन) बेस १०४ ला उजवा २१, डावा १९. दृष्टी दोन्ही ६/६, इशिहाराच्या (रंगदृष्टीच्या) सगळ्या पाट्या वाचतात, आरएपीडी (ऑप्टिक नर्व्ह बिघडल्याची बाहुलीतली खूण) नाही. उजवा डोळा बाहेरच्या बाजूला किंचित कमी जातो, अगदी टोकाला नेलं तरच दोन दिसतात. पापणी वर ओढलेली नाही. उलट उजव्या पापणीची बाहेरची कड खाली उतरली आहे.

टीएसएच २.४, एफटी४ नॉर्मल, अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी ६८ (लॅबची मर्यादा ३४). सीटीचा रिपोर्ट: 'दोन्ही बाजूंचे स्नायू जाड, टेंडन मोकळे, थायरॉइड ऑर्बिटोपॅथी सुचवते', म्हणजे थायरॉइडमुळे होणारा डोळ्याचा आजार. अश्रुग्रंथीबद्दल फक्त 'प्रॉमिनंट' एवढा एक शब्द. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९ टक्के. बरीच वर्षं शिंका-सर्दी, नाकातल्या पॉलिपचं एकदा ऑपरेशन. हनुवटीखाली दोन्हीकडे टणक, न दुखणारी सूज हाताला लागते.

थायरॉइडचं लेबल मला पटत नाही, शंका आयजीजी-४ आजाराची येते (आयजीजी-४ ही अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी ग्रंथी आणि स्नायूंत साचून ते सुजतात). पण रिपोर्टवर तेच छापलंय आणि घरचे 'मग थायरॉइडची गोळी द्या' म्हणून मागे लागलेत. रक्तातला आयजीजी-४ वाढलेला आला तर तेवढ्यावर स्टिरॉइड सुरू करता येईल का, की बायॉप्सी करावीच लागेल? बायॉप्सी म्हटलं की घरचे घाबरतात. आणि यातलं नाशिकमध्ये किती होईल, मुंबईला कशासाठी पाठवू?

ऑर्बिट_सर्जन

डॉक्टर, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. थायरॉइडच्या डोळ्यात दहांपैकी नऊ जणांची पापणी आजारात कधी ना कधी वर ओढली जाते. डोळे पुढे आलेत आणि पापणी मात्र खाली, तीही बाहेरच्या कडेला, असं असेल तर आधी अश्रुग्रंथी बघायची. पापणी वर उचलून पेशंटला खाली आणि नाकाकडे बघायला सांगा. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात गुलाबी गोळा डोकावतोय का ते दिसेल. बोटाने कडेच्या हाडामागे चाचपा.

आता सीटी. छापील रिपोर्ट बाजूला ठेवा आणि सीडी स्वतः उघडा, कोरोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या) कापांपासून सुरुवात करा. थायरॉइडमध्ये आधी खालचा स्नायू जाड होतो, मग आतला, मग वरचा, आणि बाहेरचा सगळ्यात शेवटी. लॅटरल रेक्टस, म्हणजे हाच बाहेरचा स्नायू, सगळ्यात जाड असेल, किंवा एकटाच जाड असेल, तर थायरॉइड सोडून दुसरं कारण शोधायलाच हवं. आयजीजी-४ मध्ये बहुतेक वेळा लॅटरल रेक्टसच पुढे असतो. 'टेंडन मोकळे म्हणजे थायरॉइड' हे आपण सगळे परीक्षेसाठी पाठ करतो, पण आयजीजी-४ मध्येही टेंडन अनेकदा मोकळेच असतात. टेंडनवरून वेगळा ओळखता येतो तो नेहमीचा दुखणारा मायोसायटिस (स्नायूची सूज). या दोघांत ती खूण कामाची नाही.

त्याच कापांत डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह (गालाला संवेदना देणारी नस) शोधा. तिची जाडी शेजारच्या ऑप्टिक नर्व्हपेक्षा जास्त दिसली तर माझं पारडं जवळजवळ आयजीजी-४ कडे झुकतं. क्वचित लिंफोमातही (लिंफ पेशींचा कॅन्सर) ती जाड होते, म्हणून 'जवळजवळ' म्हटलं. हाडाच्या विंडोमध्ये तिचा कालवा रुंदावलेला दिसेल, पण हाड खाल्लेलं नसेल. हाड कुरतडलेलं असेल तर विषय बदलतो. मग कॅन्सर किंवा बुरशी आधी.

अजून एक विसंगती तपासा. स्नायू चित्रात एवढे जाड असताना डोळ्याची हालचाल मात्र बऱ्यापैकी शाबूत. थायरॉइडमध्ये एवढा जाड स्नायू डोळ्याला बांधून ठेवतो. तुमच्या पेशंटला टोकालाच दोन दिसतात, यात बरंच उत्तर आलं.

सीटी जुना असेल किंवा काप ३ मिमीचे असतील तर एमआरआय करून घ्या: फॅट सप्रेशन (चरबी झाकून), गॅडोलिनियम या शिरेतून देण्याच्या कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर, आणि मानेतल्या लाळग्रंथी दिसतील एवढ्या खालपर्यंत. गॅडोलिनियमआधी क्रिएटिनिन बघा. या आजारात किडनीही गुंतते. फॉर्मवर 'थायरॉइड?' लिहू नका. आपण जे लिहितो तेच रिपोर्टमध्ये छापून परत येतं. 'अश्रुग्रंथी, लॅटरल रेक्टस, इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह, सायनस आणि लाळग्रंथी यांचं वर्णन द्या' असं लिहा.

बायॉप्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अश्रुग्रंथी हाताला लागली की टिश्यू सहज मिळण्यासारखा आहे. मग स्टिरॉइडच्या आधी टिश्यू. स्टिरॉइडने आयजीजी-४ उतरतो, साधी सूज उतरते, लिंफोमाही काही आठवडे उतरतो. उतरल्यावरून निदान करायला गेलं की वर्ष-दीड वर्षाने तोच पेशंट जास्त पसरलेला लिंफोमा घेऊन येतो.

पद्धत: पापणीच्या घडीतून बाहेरच्या तिसऱ्या भागात चीर, सेप्टम (पापणीतला पडदा) उघडून ग्रंथीच्या ऑर्बिटल लोबमधून तुकडा. पापणीकडच्या लोबला हात लावायचा नाही. अश्रूंच्या नळ्या त्यातूनच बाहेर पडतात, तो कापला की डोळा कायमचा कोरडा. तुकडा मोठा हवा आणि चिमट्याने चेंगरलेला नको. कॉटरी (रक्त थांबवायला जाळणं) तुकडा बाहेर आल्यानंतर. भूल स्थानिक, सोबत थोडं सिडेशन, पाऊण तासाचं काम. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा. ऑपरेशननंतर डोळ्यावर दाबाची पट्टी बांधू नका. पहिले काही तास दर तासाला दृष्टी बघा. अचानक दुखून डोळा दगडासारखा टणक झाला आणि दिसेनासं झालं तर आत रक्त साचतंय. तिथे स्कॅनची वाट न बघता लॅटरल कँथॉटमी करायची, म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करायचा.

बायॉप्सी करू नये अशी एक गाठ आहे, तेवढी लक्षात ठेवा. एकाच बाजूला, गोल, कडा रेखीव, हाडात खळगा पडलेला, हळूहळू वाढलेली: ती प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा (अश्रुग्रंथीची कॅन्सर नसलेली गाठ) असू शकते. तिचा तुकडा घ्यायचा नसतो, आवरणासकट अख्खी काढायची असते. तुमच्या पेशंटला दोन्हीकडे आहे, त्यामुळे ती भीती कमी.

टिश्यू_रिपोर्टिंग

पॅथॉलॉजीच्या बाजूने लिहिते. बायॉप्सी उत्तम झाली आणि रिपोर्ट निरुपयोगी आला, असं बहुतेक वेळा तुकडा डबीत टाकताना होतं. ओटीला जायच्या आधी तीन डब्या तयार ठेवा.

पहिली, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनची, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. मोठा भाग यात. दुसरी आरपीएमआयची (पेशी जिवंत ठेवणारा द्रव), नसेल तर साध्या सलाइनची, यात ताजा तुकडा फ्लो सायटोमेट्रीसाठी (लिंफोमा शोधायला पेशींचे प्रकार मोजणारी तपासणी). ही डबी बर्फाच्या पॅकसोबत पाठवायची, पण बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही, आणि २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवी. नाशिकहून मुंबईला नमुना पाठवायचा तर ऑपरेशन सोमवार ते गुरुवार सकाळी ठेवा. शनिवारी दुपारी काढलेला ताजा तुकडा सोमवारी पोचतो आणि तोवर पेशी मेलेल्या असतात. तिसरी डबी निर्जंतुक सलाइनची, टीबीच्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चरसाठी. आपल्याकडे ही डबी वगळू नका. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचं कल्चर करता येत नाही.

फॉर्मवर हे स्टेन (पेशींचे प्रकार दाखवणारे रंग) मागा: आयजीजी, आयजीजी-४, सीडी१३८, सीडी३, सीडी२०, कॅपा, लॅम्डा. नुसतं 'आयजीजी-४ स्टेन करा' लिहिलंत तर तेवढंच होईल. आकडा म्हणाल तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार अश्रुग्रंथीत एका हाय पॉवर फील्डमध्ये १०० हून जास्त आयजीजी-४ पेशी आणि एकूण आयजीजी पेशींशी त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त. सगळ्यात दाट भागातली तीन फील्ड मोजून सरासरी काढतात. नुसता '१२०' असा आकडा आला आणि प्रमाण दिलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारा. प्लाझ्मा पेशींनी गच्च भरलेल्या कुठल्याही जुन्या सुजेत १०० चा आकडा गाठला जाऊ शकतो.

पुस्तकात लिहिलेले चटईच्या विणीसारखे तंतू आणि बंद पडलेल्या शिरा अश्रुग्रंथीत बरेचदा दिसत नाहीत. त्या नाहीत म्हणून निदान नाकारायचं नाही. याउलट नेक्रोसिस (मेलेला टिश्यू), ग्रॅन्युलोमा (पेशींच्या बारीक गाठी) किंवा न्यूट्रोफिलचे पुंजके दिसले तर आयजीजी-४ पेशी कितीही असोत, मी थांबते. जीपीए या रक्तवाहिन्यांच्या आजारातही आयजीजी-४ पेशी भरपूर सापडतात, म्हणून एएनसीए (त्या आजाराची अँटिबॉडी) रक्तातून हवाच. फेसाळ पेशी दिसल्या तर झँथोग्रॅन्युलोमा, आणि त्यातल्या एका प्रकारात मोठ्या वयात सुरू झालेला दमाही असतो, त्यामुळे कागदावर गोष्ट सारखीच वाटते.

एक विनंती. स्टिरॉइड घेतलं असेल तर कधी, किती, कधी थांबवलं हे फॉर्मवर लिहा. हनुवटीखालची सूज म्हणजे सबमँडिब्युलर ग्रंथी असेल तर डोळ्याची बायॉप्सी अडली तरी तिथून घेता येते. ओठाच्या आतल्या छोट्या लाळग्रंथींची बायॉप्सी सोपी असते पण त्यात बरेचदा काही सापडत नाही, त्यावर विसंबू नका.

सांधे_आणि_इम्युनिटी

रक्तातल्या आयजीजी-४ बद्दल. मर्यादा १३५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर. आधी एकक बघा. काही लॅब ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तिथे हीच मर्यादा १.३५ होते, आणि '१.९ म्हणजे कमीच की' म्हणून कागद बाजूला पडतो. मर्यादेच्या वर गेला म्हणजे आजार ठरला असंही नाही. दमा, त्वचेची ॲलर्जी, ब्राँकिएक्टेसिस यांतही वाढतो, ग्रेव्ह्जच्या (थायरॉइड जास्त चालण्याचा आजार) काही पेशंटमध्येही वाढलेला सापडतो. आणि टिश्यूवर सिद्ध झालेल्या बऱ्याच जणांचा नॉर्मल असतो, विशेषतः आजार फक्त डोळ्याभोवतीच असेल तेव्हा. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तेवढ्यावर सुरू करू नका.

याची एक फसवी बाजू आहे. आयजीजी-४ खूपच जास्त असेल तर काही मशिनवर तो खोटा कमी येतो, याला प्रोझोन परिणाम म्हणतात. एकूण आयजीजी वाढलेला, लाळग्रंथी टणक आणि आयजीजी-४ मात्र १० किंवा १५, असं विसंगत चित्र दिसलं तर लॅबला नमुना जास्त पातळ करून पुन्हा लावायला सांगा. पातळ केल्यावर तोच आकडा कित्येक पटींनी वर गेलेला दिसू शकतो.

आयजीजी-४ सोबतच मागवा: एकूण आयजीजी, आयजीई, सी३, सी४, एएनसीए, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, एलडीएच, क्रिएटिनिन, लिव्हर फंक्शन, लायपेज, लघवीतलं प्रोटीन. सी३-सी४ कमी असतील तर किडनीकडे नीट बघा. इओसिनोफिल ९ टक्के आहेत, तर शौचाची तपासणीही करा. शेतात अनवाणी काम करणाऱ्या माणसाला स्ट्राँगिलॉइडिस असेल आणि आपण स्टिरॉइड दिलं तर तो जंत अंगभर पसरतो. पोटाची सोनोग्राफी किमान हवी. शक्य असेल तर छाती-पोटाचा सीटी, कारण स्वादुपिंड, किडनी आणि महारोहिणीभोवतीची सूज पेशंटला जाणवतही नाही. यातलं बहुतेक सगळं नाशिकमध्येच होतं. बाहेर जाणाऱ्या चाचण्यांसाठीही रक्त कलेक्शन सेंटरवर देता येतं, पेशंटने स्वतः मुंबईला जायची गरज नाही.

निदान पक्कं झाल्यावर प्रेडनिसोलोन रोज ०.६ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ६६ किलोला साधारण ४० मिग्रॅ, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. दोन ते चार आठवडे तेवढंच. मग दर एक-दोन आठवड्यांनी ५ मिग्रॅ कमी करत तीन-चार महिन्यांत ५ मिग्रॅवर. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर डोस वाढवायचा नाही, निदानावर पुन्हा शंका घ्यायची. कमी करताना आजार परत उसळी मारतो हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर डॉक्टर बदलले जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. परत आला, किंवा साखरेमुळे स्टिरॉइड झेपत नसेल, तर रिटुक्सिमॅब (बी पेशी कमी करणारं औषध) १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा १ ग्रॅम. त्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही. फक्त एचबीएसएजी बघून रिटुक्सिमॅब दिलं की लपलेला हिपॅटायटिस बी उफाळतो आणि लिव्हर जातं. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये इनेबिलिझुमॅब खास याच आजारासाठी मंजूर झालं, पण या पेशंटचं नियोजन सध्या स्टिरॉइड आणि रिटुक्सिमॅब धरूनच करा.

मेथोट्रेक्सेट कुणी लिहिलं तर आठवड्यातून एकदाच, आणि चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत: 'फक्त रविवारी'. रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी संपतात आणि माणूस दगावतो. हे पेशंटच्या घरच्यांकडून परत म्हणवून घ्या.

साखर: सकाळच्या प्रेडनिसोलोनने दुपारनंतरची साखर चढते, उपाशीपोटीची नॉर्मल दिसते. एचबीए१सी ७.९ वाल्याची फक्त उपाशीपोटी साखर बघून समाधान मानू नका. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी, पहिले दोन आठवडे रोज. सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी आयजीआरए किंवा मँटू. प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ किंवा जास्त महिनाभर चालणार असेल तर न्यूमोनिया टाळायला कोट्रायमोक्साझोलचा विचार करा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून.

हार्मोन_क्लिनिक

थायरॉइडचा धागा पुरता तपासल्याशिवाय सोडू नका. टीएसएच नॉर्मल असूनही थायरॉइडचा डोळा होतो, थोड्या जणांत. त्याला टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी हवी, अँटी-टीपीओ नव्हे. टीपीओ थोडा वाढलेला कितीतरी निरोगी माणसांत असतो, ६८ वरून काही ठरत नाही. आणि टीएसएच २.४ असताना थायरॉक्सिनची गोळी देऊ नका, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. डोळ्यावर तिचा काही उपयोग नाही.

रक्त देण्याआधी पेशंटला विचारा, केसांची किंवा नखांची गोळी चालू आहे का. त्यात बायोटिन ५ ते १० मिग्रॅ असतं. बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनवर चालणाऱ्या मशिनवर त्याने टीएसएच खोटा कमी, एफटी४ खोटा जास्त आणि रिसेप्टर अँटिबॉडी खोटी पॉझिटिव्ह येते. कागदावर हुबेहूब ग्रेव्ह्ज, पेशंटला काहीच नाही. तीन दिवस गोळी बंद ठेवून रक्त घ्या.

रिसेप्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तरी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी एवढ्या फुगण्याचं कारण त्यातून मिळत नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात. उपचारही सारखे नाहीत. थायरॉइडच्या डोळ्यात मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून आठवड्याला एकदा, सहा आठवडे ५०० मिग्रॅ आणि पुढचे सहा आठवडे २५० मिग्रॅ, एकूण साडेचार ग्रॅम. तेही डोळा सक्रिय असेल तरच, म्हणजे सीएएस या सात गुणांच्या सक्रियता मोजणीत ३ किंवा जास्त. तुमच्या पेशंटला दुखणं नाही, लाली नाही, त्यामुळे पापणीच्या सुजेचा एखादा गुण सोडला तर हाताला काही लागत नाही. त्या लेबलवर त्याला साडेचार ग्रॅम स्टिरॉइड देण्याचा आधारच उरत नाही.

तंबाखू, सिगरेट विचारलीत का? थायरॉइडच्या डोळ्यात सिगरेट आजार उघडपणे बिघडवते, म्हणून ते उत्तर फाइलवर असू द्या.

नेत्रवैद्य_नाशिकरोड

सगळ्यांचे आभार. सीडी स्वतः उघडून पाहिली. दोन्हीकडे लॅटरल रेक्टस सगळ्यात जाड. उजवी इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह ऑप्टिक नर्व्हपेक्षा जाड आहे, रिपोर्टमध्ये तिचा उल्लेखच नाही. कालवा रुंद, हाड शाबूत. अश्रुग्रंथी दोन्ही बाजूंना बदामासारख्या फुगलेल्या.

पण एक अडचण निघाली. चिठ्ठ्या मागवल्या तेव्हा कळलं की गावातून डेफ्लाझाकोर्ट हे स्टिरॉइड ३० मिग्रॅ रोज, १२ दिवस घेतलंय. बंद करून पाच दिवस झाले. माझ्याकडे आले तेव्हापेक्षा सूज निम्म्यावर. घरचे म्हणतात, उतरतंय तर तेच चालू ठेवा. आता बायॉप्सी लगेच करू की थांबू?

ऑर्बिट_सर्जन

डेफ्लाझाकोर्ट ३० म्हणजे प्रेडनिसोलोन साधारण २५. बारा दिवसांचा कोर्स अचानक बंद झाला तरी ॲड्रिनलचा (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी) प्रश्न सहसा येत नाही. तरी उलट्या, चक्कर, गळून जाणं असलं तर कळवायला सांगा.

दृष्टी ६/६ आणि रंग व्यवस्थित आहेत तोवर थांबा. साधारण तीन ते चार आठवडे, किंवा सूज परत भरेपर्यंत. भरलेल्या ग्रंथीतून घेतलेला तुकडाच उत्तर देतो. या काळात दर आठवड्याला दृष्टी, इशिहारा आणि बाहुल्या तपासा. घरी पेशंटने एकेक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू बघायची. एका डोळ्याने लाल फिका, विटकरी दिसायला लागला तर त्याच दिवशी यायचं. ऑप्टिक नर्व्ह दबायला लागली तर वाट बघणं संपलं. तातडीने टिश्यू घेऊन त्याच दिवशी स्टिरॉइड, आणि टिश्यू शक्यच नसेल तर स्टिरॉइड आधी.

मधुमेह आहे म्हणून आणखी एक. या थांबण्याच्या काळात अचानक एका बाजूचा गाल दुखला, बधिर झाला, नाकातून काळी खपली आली, ताप आला, तर तो आयजीजी-४ समजू नका. २०२१ मध्ये म्युकर आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच दिवशी नाकाची एंडोस्कोपी आणि केओएच (बुरशीची तपासणी), आणि तोपर्यंत स्टिरॉइडचा एक डोसही नाही.

टिश्यू_रिपोर्टिंग

स्टिरॉइडनंतर लगेच घेतलेल्या तुकड्यात आयजीजी-४ पेशींची संख्या घटते, तंतू तेवढे उरतात. मग '४० पेशी, निदान अनिश्चित' असा रिपोर्ट द्यावा लागतो आणि दुसऱ्यांदा कापावं लागतं. लिंफोमाचं चित्रही पुसट होतं. थांबण्याच्या बाजूने माझंही मत. घरच्यांना असं सांगून बघा: सूज उतरणं म्हणजे आजार ओळखला जाणं नव्हे, आणि ओळखण्याची सगळ्यात चांगली संधी सूज परत येईल तेव्हा आहे.

केमो_डे_केअर

या पेशंटला लागू नाही, पण कुणी पुढे ही चर्चा शोधून वाचेल म्हणून लिहितो. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, इपिलिमुमॅब यांसारखी कॅन्सरची इम्युनोथेरपी चालू असलेल्या माणसाचे डोळे पुढे आले, दोन दिसू लागले, तर तेही थायरॉइडच्या डोळ्यासारखंच दिसतं. थायरॉइडच्या अँटिबॉडी बरेचदा निगेटिव्ह असतात. इथे खरी भीती डोळ्याची नसून हृदयाची आहे. पापणी पडलेली आणि दोन दिसतंय, तर मायोसायटिस, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आणि मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) हे तिन्ही एकत्र असू शकतात. त्याच दिवशी ट्रोपोनिन, सीके (हृदय आणि स्नायूंच्या रक्तचाचण्या) आणि ईसीजी. एमआरआयची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, आणि पुढची सलाइन लावायच्या आधी ऑन्कॉलॉजिस्टला फोन करा. औषधाचं नाव पेशंटला आठवत नाही. 'तीन आठवड्यांनी मुंबईला सलाइन लावायला जातो' एवढंच सांगतो. डिस्चार्ज कार्ड मागा.

नेत्रवैद्य_नाशिकरोड

पुढची माहिती. आयजीजी-४ ४१० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, एकूण आयजीजीही वाढलेला, सी३-सी४ नॉर्मल, एएनसीए निगेटिव्ह, रिसेप्टर अँटिबॉडी निगेटिव्ह. बायोटिन घेत नव्हते, विचारून खात्री केली. लघवी आणि क्रिएटिनिन ठीक. स्वादुपिंड सोनोग्राफीत ठीक दिसतं, छाती-पोटाचा सीटी पुढच्या आठवड्यात. स्टिरॉइड बंद होऊन आता २६ दिवस, उजवी पापणी परत भरली आहे. मंगळवारी सकाळी नाशिकमध्येच अश्रुग्रंथीची बायॉप्सी ठरली, ताजी डबी दुपारीच मुंबईला निघेल.

स्टिरॉइड सुरू झाल्यावर डोळ्याचा फॉलोअप कसा ठेवू? पेशंटचं गाव इथून तासाभरावर आणि लवकरच पुन्हा गोडी छाटणी सुरू होते, दर आठवड्याला येणं जमणार नाही म्हणतात.

ऑर्बिट_सर्जन

सुरू करायच्या दिवशी डोळ्याचं प्रेशर, ऑप्टिक डिस्कचा फोटो आणि हर्टेल. मग दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात, त्यानंतर डोस कमी होतोय तोवर महिन्यातून एकदा. प्रेशर गोळीनेही चढतं, आणि मधुमेह्याला मोतीबिंदूही लवकर धरतो. पेशंटला यातलं काहीच जाणवत नाही. दुसऱ्या आठवड्याची भेट सोडू देऊ नका. औषधाला प्रतिसाद आहे की नाही हे तिथेच कळतं आणि प्रेशर चढणाऱ्यांचंही साधारण तेव्हापासून चढायला लागतं. मधल्या काळात दृष्टी आणि लाल रंग घरी, साखरेची वही फोनवर.

हर्टेल दर वेळी बेस १०४ वरच आणि शक्यतो एकाच माणसाने. बेस १०२ वर घेतला की आकडा बदलतो आणि उगाच डोस वाढवला जातो. पापण्यांचा फोटो त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, सरळ समोर बघताना. पाच मिग्रॅवर आल्यावर सूज परत आली का, हे पेशंटच्या आठवणीपेक्षा त्या फोटोंवरून लवकर कळतं.

छाटणीच्या तारखा आत्ताच विचारून डायरीत लिहा आणि डोस कमी करण्याचे टप्पे त्यांच्या आगेमागे बसवा. छाटणीच्या गडबडीत गोळी संपली आणि कुणी आणलीच नाही, हा तीन महिने स्टिरॉइड घेतलेल्या माणसासाठी खरा धोका आहे. पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घरात राहतील अशी चिठ्ठी द्या, आणि 'अचानक बंद करू नये' हे चिठ्ठीच्या वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहा.